तगर : तेरणेकांठची एक प्राचीन पेठ

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. वारकरी त्याला गोरोबाकाकांचें तेर म्हणून ओळखतात. चिखल तुडवितां तुडवितां ज्याचें देहभान हरपलें त्या कुंभाराचें हें गांव, एवढी ओळख बहुतेक मराठी घरांना पुरेशी वाटते. परंतु गोरोबांच्या पूर्वीं सुमारें बाराशें वर्षें या गांवचें नांव मिसर देशांतील व्यापाऱ्यांच्या वहींत लिहिलेलें होतें, आणि तें एका लहानशा खेड्याचें म्हणून नव्हे, तर एका फार मोठ्या शहराचें म्हणून.

ही वही म्हणजे 'पेरिप्लस'. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास मिसरमध्यें राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती तींत टिपून ठेविली. लेखकानें स्वतःचें नांव कोठेंहि दिलेलें नाहीं. पंडित नव्हे, पण गृहस्थ मोठा व्यवहारी. वारा केव्हां अनुकूल होतो, खडक कोठें आहेत, कोणत्या बंदरांत काय खपतें आणि तेथून काय घ्यावें, याखेरीज दुसऱ्या गोष्टींत तो फारसा शिरत नाहीं. म्हणूनच त्याचा शब्द मोलाचा. भडोचच्या दक्षिणेकडील मुलखाला तो 'दखिनाबदेस' म्हणतो, आणि तेथील लोक दक्षिणेला 'दखन' म्हणतात असा खुलासाहि करतो. हें अर्थातच आपलें 'दक्षिणापथ'. या मुलखांत दोन पेठा ठळक आहेत असें त्याचें म्हणणें. पहिली पैठण, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणपासून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर. पैठणाहून पट्टेदार अकीकाचे खडे येतात. तगराहून जाडेंभरडें कापड, नाना तऱ्हेच्या मलमली आणि समुद्रकांठच्या प्रांतांतून तेथें गोळा झालेला इतर माल येतो. हें सारें गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या धक्क्यापर्यंत आणलें जातें. पुढें दुसऱ्या शतकांत टॉलेमीनेंहि आपल्या भूगोलांत तगराचें नांव नोंदविलें आहे.

पैठण कोठें आहे हें कोणास शोधावें लागलें नाहीं; गोदावरीच्या कांठीं तें नांवानिशीं उभें होतें. तगर मात्र हरवलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्फर्ड यानें तें देवगिरी म्हणजे दौलताबाद असावें असें सुचविलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तें जुन्नर वाटलें. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं निजामच्या राज्यांतील धारूरकडे बोट दाखविलें. कोणी कोल्हापूरचेंहि नांव घेतलें. हीं सर्व नांवें सुचविणारे मोठे विद्वान होते, आणि त्यांच्या चुकांतहि शिकण्यासारखें पुष्कळ आहे. कोंकणच्या शिलाहार राजांनीं आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेतल्यामुळें तगर हें एखाद्या दुर्गाजवळ किंवा घाटमाथ्याजवळ असावें असा सर्वांचा समज झाला होता. भव्य बिरुद म्हटलें कीं भव्य स्थळ डोळ्यांपुढें येतें. विटामातीच्या टेकाडांचें एक खेडें कोणाच्या ध्यानांत यावें?

तें ध्यानांत आलें जॉन फ्लीट यांच्या. शिलालेखांच्या वाचनांत आयुष्य घालविलेल्या या पंडितानें १९०१ साली 'तगर म्हणजे तेर' असें साधार प्रतिपादन केलें. त्याच्या युक्तिवादाचा गाभा इतका साधा आहे कीं शाळेंतील मुलासहि तो नकाशावर ताडून पाहतां येईल. भडोच ते पैठण हें अंतर सरळ रेषेनें सुमारें २२० मैल भरतें. वीस दिवसांचा प्रवास धरला तर रोजची मजल अकरा मैलांची. पैठण ते तेर हें अंतर सुमारें ९५ मैल. दहा दिवस धरले तर रोजची मजल साडेनऊ मैलांची. लादलेल्या बैलगाडीची चाल दोन्हीकडे जवळजवळ सारखीच पडते. दौलताबाद पैठणपासून दोन-तीन दिवसांच्या पलीकडे नाहीं, आणि जुन्नर तर पूर्वेस नसून पश्चिमेस आहे. तेर पैठणच्या नेमकें पूर्वेस नसून आग्नेयेस आहे ही गोष्ट खरी. पण ज्यानें हा मुलूख बहुधा डोळ्यांनीं पाहिला नव्हता आणि भडोचच्या वखारींत बसून गाडीवानांच्या तोंडून ऐकला होता, त्याच्या 'पूर्वे'कडून होकायंत्राची अचूकता मागणें बरें नव्हे.

नांवाचाहि मेळ बसतो. प्राकृत भाषांत दोन स्वरांमध्यें सांपडलेला गकार टिकत नाहीं, हें मराठीच्या कोणाहि अभ्यासकास ठाऊक आहे. 'नगर' याचें 'नयर' किंवा 'नेर' होतें. पारनेर, जामनेर, अमळनेर हीं नांवें त्याच वळणाचीं. त्याच चालीनें 'तगर' याचें 'तयर' आणि 'तेर'. शिवाय दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६१२ च्या सुमाराच्या ताम्रपटांत दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी म्हटलेला आहे. म्हणजे सातव्या शतकापर्यंत जुनें नांव चालू होतें. फ्लीटचा लेख आल्यावर लगोलग त्याच वर्षीं पुराणवस्तु-संशोधन खात्याचे हेन्री कझिन्स तेरला गेले. त्यांनीं तेथील टेकाडें, विटांचीं देवळें आणि जुने अवशेष यांची पाहणी करून वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि वाद बहुतांशीं मिटला.

आतां प्रश्न उरतो तो असा : समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरघाटांच्या आंत, तेरणेच्या कांठीं एवढी पेठ कां वसली? उत्तर पायाखालच्या मातींत आहे. काळी जमीन, कापूस, आणि तो कापूस कांतणारे-विणणारे हात. तेरचें वैभव राजवाड्याचें नव्हतें, मागाचें होतें. राजधानी पैठणास, तगर हें कारागिरांचें आणि सार्थवाहांचें गांव. भोंवतालच्या आणि पूर्व किनाऱ्याकडच्या प्रांतांतला माल येथें एकवटे आणि मग वायव्येकडे निघे.

त्या काळचे विणकर म्हणजे दारिद्र्यानें गांजलेले एकटेदुकटे जीव, अशी कल्पना कोणी करून घेतली असेल तर ती नाशिकच्या पांडवलेण्यांतील एक लेख वाचून बदलावी लागते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें वर्ष ४२ मध्यें भिक्षुसंघासाठीं तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. कोणाजवळ? राजाच्या खजिन्यांत नव्हे, तर गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींजवळ. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें. दुसरीकडे एक हजार, दरमहा दरशेंकडा पाऊण या व्याजानें. मूळ रक्कम परत मागावयाची नाहीं, फक्त व्याज खावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस. त्यांतून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठीं. हिशेब चोख जुळतो. विणकरांच्या संघटनेवर राजाच्या जांवयाचा एवढा विश्वास, आणि तोहि पिढ्यान् पिढ्या चालावयाच्या व्यवहारासाठीं! हा दाखला नाशिकचा आहे, परंतु ज्या तगरच्या कापडाची कीर्ति भडोचपर्यंत गेली तेथील समाजाची घडण याहून फार वेगळी असण्याचें कारण दिसत नाहीं. श्रेणी, श्रेष्ठी, सार्थवाह, आणि या सर्वांच्या दानावर पोसलेले विहार व चैत्य, असा तो समाज होता.

माल कल्याणला न जातां भडोचला कां जाई, याचेंहि उत्तर पेरिप्लसमध्येंच आहे. कल्याण हें पूर्वीं कायदेशीर बंदर होतें, पण पुढें धनी बदलला तेव्हां तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, असें तो लिहितो. घाटावर सातवाहन, भडोचला क्षहरात, आणि मध्यें व्यापाराची ओढाताण. ती पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पाडाव करून संपविली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीं येथें तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं. नहपानाच्या त्या नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूचें रूपें वितळवीत बसण्यापेक्षां त्यावर आपला शिक्का ठोकणें अधिक सोयीचें, शिवाय अधिक बोलकें.

या व्यापारानें रोमचें सोनें-रुपें इकडे येत राहिलें. हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्याचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. ही रक्कम शब्दशः खरी धरावी असें नाहीं, कारण बायकांच्या चैनीवर ताशेरे ओढण्याची हौस त्या म्हाताऱ्यास होती. परंतु तिजमागची चिंता खोटी नव्हे. नाण्यांबरोबर आणखी काय आलें, हें तेरच्या मातीनें दाखविलें आहे.

जुन्या गांवठाणाच्या राखट मातीला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात. ही माती गाड्या भरभरून शेतांत नेण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र होती, आणि त्या गाड्यांतून किती इतिहास नांगराखालीं गेला त्याची गणती नाहीं. तेरचा पुष्कळसा इतिहास वांचला तो तेथील एका रहिवाशाच्या चिकाटीमुळें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवांत आणि भोंवतालीं मिळणाऱ्या मूर्ति, मणी, नाणीं, खापरें वर्षानुवर्षें गोळा केलीं. लोकांना जें मोडकें-तोडकें वाटे तें यांनीं घरीं नेऊन जपलें. त्यांच्या संग्रहावरच आजचें तेर येथील सरकारी वस्तुसंग्रहालय उभें आहे आणि तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. १९५८ साली चापेकर यांनीं तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्याचा अहवाल १९६९ मध्यें प्रसिद्ध झाला. ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट यांनीं १९६० मध्यें तेरच्या कलावस्तूंवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. मोठ्या संस्थांचें काम मोठें खरेंच. पण लामतुऱ्यांची टोपली आधीं भरली नसती तर त्यांना पाहावयास काय उरलें असतें, हाहि विचार मनांत येतो.

या वस्तूंत केओलिन नांवाच्या पांढऱ्या मातीच्या लहान लहान मूर्ति विशेष आहेत. पुढचा भाग एका साच्यांत, मागचा दुसऱ्या साच्यांत काढावयाचा आणि दोन्ही सांधून आंतून पोकळ आकृति भाजावयाची, ही दुहेरी सांच्याची रीत भूमध्य समुद्राकडची असावी असें अनेक संशोधक मानतात. रोमन घाटाचे मातीचे दिवे सांपडले. रोमन नाण्यांच्या नकलेच्या मातीच्या चकत्या सांपडल्या. त्यांना दोरा ओंवण्यासाठीं कडी असते. रोमच्या बादशहाचा मुखडा येथें सत्तेची खूण राहिला नाहीं. तो गळ्यांतला ताईत झाला. ज्या बाईनें तो घातला तिला त्या बादशहाचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. लांबून आलेलें सोनें ज्याच्या तोंडाचें असतें त्याचें तोंड शुभ, एवढें तिला पुरे होतें.

आणि उलट दिशेनें काय गेलें? १९३८ साली इटलींत पाँपेई येथील एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति निघाली. पाँपेई इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गाडलें गेलें, तेव्हां मूर्ति त्यापूर्वींची हें निर्विवाद. दागिन्यांनीं लवलेली, दोन लहान परिचारिकांसह उभी असलेली ही मूर्ति हिंदी हातांची आहे, हें पाहतांक्षणींच कळतें. प्रथम तिला लक्ष्मी म्हणाले. पुढें यक्षी असावी असें मत पडलें. डोक्यापासून खालीं भोंक पाडलेलें असल्यामुळें ती एखाद्या सामानाचा पाय किंवा दांडा असावी. अशाच घडणीची हस्तिदंती स्त्री तेरला मिळाली आहे, आणि तिसरी जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्खननांत, म्हणजे जुन्या भोगवर्धन नगरांत, सांपडली. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशीं खरोष्ठी अक्षर असल्यानें ती वायव्येकडून गेली कीं काय हा वाद आहे. पण केशरचना, अलंकार आणि उभें राहण्याची ढब यांचा धागा दक्षिणापथांतील या पेठांशीं जुळतो, हें कोणास नाकारतां येणार नाहीं. तेरच्या मूर्तीपुढें उभें राहणारास ही पाँपेईच्या बाईची धाकटी बहीण वाटते.

तेव्हां तगर रोमच्या छायेखालीं होतें असें म्हणावें काय? असें म्हणणारे आहेत, आणि त्यांचा उत्साह जपून घेतला पाहिजे. छाया म्हणजे काय हें ठरविण्यासाठीं जगाच्या दुसऱ्या टोकाचें एक उदाहरण उपयोगी पडेल. कोरियाचें. इ. स. पूर्वीं १०८ मध्यें चीनच्या हान सम्राट वू यानें उत्तर कोरियांतील चोसनचें राज्य जिंकलें आणि तेथें चिनी अंमलदारांचे चार सुभे घातले. त्यांतील लेलांग हा आजच्या प्योंगयांगजवळचा सुभा इ. स. ३१३ पर्यंत टिकला. त्या वर्षीं कोगुर्यो राज्यानें तो घेतला. चारशें वर्षांत चिनी लिपि आली, दफ्तर आलें, चिनी लाखकामाचीं भांडीं थडग्यांत पुरलीं जाऊं लागलीं. सुभा गेल्यावरहि प्रभाव गेला नाहीं. इ. स. ३७२ मध्यें चीनकडूनच कोगुर्योच्या दरबारीं बौद्ध धर्म आला आणि त्याच वर्षीं चिनी ग्रंथ शिकविणारें विद्यालय निघालें. ३८४ मध्यें पेक्चे राज्यांत मारानंत नांवाचा भिक्षु चीनमार्गेंच पोंचला; परंपरा त्याला हिंदुस्थानचा मानते. १९७१ साली पेक्चेचा राजा मुर्योंग याची कबर उघडली गेली, तेव्हां ती दक्षिण चीनच्या धर्तीवर विटांनीं बांधलेली निघाली आणि तींत चिनी अक्षरांत मृत्युलेख सांपडला. राजा कोरियाचा, त्याच्या मरणाची भाषा चीनची. एवढें झालें तरी कोरियाच्या लोकांनीं आपली बोली सोडली नाहीं आणि आपलीं राज्येंहि आपल्या पद्धतीनें चालविलीं, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

तगरास यांतलें काय आलें? रोमचा अंमलदार आला नाहीं. रोमची लिपि कोणी शिकलें नाहीं. सातवाहनांचे लेख ब्राह्मींत आणि प्राकृतांत आहेत. रोमचा देव कोणी पुजला नाहीं. कोल्हापूरला ब्रह्मपुरींत १९४४ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति सांपडली, पण ती भांडींकुंडीं व आरशांबरोबर, जिनसांच्या ढिगांत, देव्हाऱ्यांत नव्हे. उलट कार्ल्याच्या लेण्यांत खांब दान करणारे 'यवन' आहेत. ते धेनुकाकट गांवचे, आणि त्यांचीं नांवें 'सिंहध्वज', 'धर्म' अशीं! यवनानें येथें येऊन आपल्या धर्मसंघास खांब दिला आणि आपलें नांवहि इकडचें लाविलें. पूर्वेकडे जें तलवार, दफ्तर आणि ग्रंथ यांच्या मागोमाग गेलें तें इकडे बाजाराच्या पाटीवरून आलें. आणि बाजारांतून माणूस जें आवडेल तेंच उचलतो, बाकीचें तेथेंच ठेवतो. तेरच्या कुंभारानें साचा उचलला, पण त्या साच्यांतून काढलेले चेहरे, त्यांचे जड कर्णभूषणांचे कान आणि डोक्यावरचे केसांचे अंबाडे येथलेच राहिले.

तिसऱ्या शतकापासून रोमचा व्यापार आटत गेला आणि सातवाहनहि गेले. तगर मात्र एकदम ओस पडलें नाहीं. तेथील त्रिविक्रमाचें देऊळ त्याची साक्ष देतें. विटांची ही लहान वास्तु मागच्या बाजूस अर्धगोल आणि वर पिंपासारख्या कमानी छपराची आहे, म्हणजे डोंगरांत कोरलेल्या चैत्याचेंच विटांत उतरलेलें रूप. कझिन्सनें ती मूळची बौद्ध मानली. ती आरंभापासून हिंदूंचीच असावी असें म्हणणारेहि आहेत. आंध्रांत चेझर्ला येथील कपोतेश्वराचें देऊळ याच्या जोडीचें आहे. पुढें तिच्यासमोर मंडप जोडला गेला आणि आंत बळीच्या कथेंतील, पाय उंच उचललेला त्रिविक्रम उभा आहे. वाद कोणत्याहि बाजूनें सुटो. मूर्ति आणि उपासना यांचें हें स्थित्यंतर एकाच छपराखालीं शांतपणें झालें, भिंत कोणी पाडली नाहीं. उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी द्वारशाखाहि इतक्या जुन्या काळची कीं महाराष्ट्रांत तशा लाकूडकामाचे नमुने बोटांवर मोजण्याइतके. जैनांनींहि तेर सोडलें नाहीं. धाराशिवच्या लेण्यांची कथा सांगणाऱ्या कनकामर मुनींच्या अपभ्रंश 'करकंडचरिउ' काव्यांत तेरापुराचें नांव येतें. आणि शिलाहार तर कोंकणांत व कोल्हापुरांत राज्य करीत असतांहि शेंकडों वर्षें तगरचे स्वामी म्हणवीत राहिले. गांव त्यांच्या ताब्यांत नव्हतें तेव्हांहि नांव सोडवत नव्हतें.

तेराव्या शतकाच्या अखेरीस याच गांवीं गोरोबांच्या घरीं संतमंडळी जमली. कोपऱ्यांतलें थापटणें पाहून मुक्ताबाईनें हें कशासाठीं असें विचारलें, आणि कुंभारानें मडकीं वाजवून पाहावीं तसें एकेका संताचें डोकें वाजवून पाहिलें. नामदेव कच्चे ठरले. ज्या अंगणांत हें घडलें असें परंपरा सांगते, त्याच्या आसपासच्या पांढरींत त्याच धंद्याच्या माणसांनीं बाराशें वर्षांपूर्वीं दोन साच्यांत दाबून भाजलेलीं पोकळ मातीचीं डोकीं पडून होतीं, आणि तीं गोरोबांच्या मंडळींपैकीं कोणासहि ठाऊक नव्हतीं.